जागलीच्या रात्री मोबाईलवर रेडिओ गॅलेक्सी कशा शोधायच्या

हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की आमच्याकडं रोही आणि रानडुकरं झोपू देत नाहीत, डिसेंबर-जानेवारीत घरातलं कोणीतरी रोज रात्री मचाणावर लागतंच, आणि कृषीपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची असली तर मोटर चालू करणं आणि जागल अशी दोन्ही कामं एकातच होतात. माझे दोन हंगाम असेच मोबाईलवर व्हिडिओ पाहण्यात गेले. तिसऱ्या हंगामापासून त्याच मोबाईलवर मी रेडिओ गॅलेक्सी, म्हणजे जोरदार रेडिओ लहरी सोडणाऱ्या लांबच्या दीर्घिका, पाहायला लागलो आणि ते काही सुटलं नाही. मला हे मराठीत सांगणारं कोणी भेटलं नव्हतं, आणि मी जिथं जिथं अडकलो तिथंच आमच्या गावचे पोट्टेही अडकतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवून राहिलो.

पहिले तर यासाठी दुर्बीण विकत घ्यावी लागते हे डोक्यातून काढा. दुर्बीण आधीच आहे, आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला. जीएमआरटी म्हणतात तिला, प्रकाश नाही तर रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, त्यातल्या १४ मधोमध दाटीनं आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही उभी केली, आणि छत्री म्हणजे पत्र्याची ताटली नाही तर ताणलेल्या दोरांवर बसवलेली तारेची जाळी आहे, म्हणून ती हलकी पडते आणि वारा तिच्यातून निघून जातो. या दुर्बिणीनं १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं आकाश पाहून घेतलंय, त्या सर्व्हेला टीजीएसएस म्हणतात, २०१७ मध्ये त्याची नीट साफ केलेली आवृत्ती आली आणि त्यात सहा लाखांवर रेडिओ स्रोत आहेत. हे सगळं फुकट, कोणालाही पाहता येतं. सहा लाख ठिपके एकेक करून डोळ्यानं पाहायला शास्त्रज्ञांकडं माणसं कुठून येणार, आणि वाकडातिकडा आकार ओळखण्यात माणसाचा डोळा अजून लय भारी आहे. तिथंच आपलं काम आहे.

आता आपण पाहणार काय ते थोडक्यात, कारण हे कळलं नाही तर स्क्रीनवर नुसते डाग दिसतात. मोठ्या गॅलेक्सीच्या, म्हणजे दीर्घिकेच्या, मधोमध एक अवजड ब्लॅक होल असतं. त्याच्याकडं गॅस ओढला जातो तेव्हा तो थेट आत पडत नाही, भोवती फिरत फिरत तापतो, आणि काही ब्लॅक होल अशा वेळी दोन विरुद्ध दिशांना बारीक धारा सोडतात, त्यांना जेट म्हणतात, आणि त्यातला माल जवळपास प्रकाशाच्या वेगानं जातो. तो ब्लॅक होलच्या आतून नाही, बाहेरूनच फेकला जातो, हे पोट्ट्यांना पहिल्याच दिवशी सांगा नाही तर शेवटपर्यंत तोच प्रश्न येतो. या धारांमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत जातात आणि रेडिओ लहरी सोडतात. धार जिथं जाऊन थांबते तिथं दोन्हीकडं मोठमोठे फुगे तयार होतात, त्यांना लोब म्हणतात. साध्या फोटोत गॅलेक्सी एक फिक्कट ठिपका असते, आणि रेडिओत तेच पाहिलं तर ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना गॅलेक्सीपेक्षा कितीतरी मोठे पंख. पहिल्यांदा पाहाल तेव्हा समजेल मी काय म्हणून राहिलो ते.

हे पंख दोन आहेत हे पहिल्यांदा कळलं १९५३ मध्ये, हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए या स्रोतात, आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक आपले मृणाल कुमार दासगुप्ता होते, इंग्लंडमधल्या जोड्रेल बँकला रॉजर जेनिसन यांच्यासोबत. शाळेच्या पुस्तकात मला हे नाव कधी दिसलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता कामाला लागू. मोबाईल चालतो, पण एखाद्या मित्राचा लॅपटॉप मिळाला तर पहिले दोन-तीन दिवस त्यावरच शिका, बोटानं सरकवण्यापेक्षा माऊस बरा. ब्राउझरमध्ये अलॅडिन लाईट शोधा, स्पेलिंगमध्ये एकच एल आणि एकच डी, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरची साईट आहे, काही डाउनलोड करायचं नाही, लॉगिन नाही. उघडलं की आकाशाचा रंगीत फोटो येतो. शोधायच्या चौकटीत इंग्रजीत थ्री-सी ३१ टाका, म्हणजे आकडा, सी अक्षर, जागा, आणि आकडा. मीन राशीतल्या एका जागेवर जाल आणि तिथं गॅलेक्सींची एक ओळच दिसेल, दांडावर एका मागं एक बगळे बसल्यासारखी. आता लेअरचं बटण दाबून नवा सर्व्हे जोडा, यादीत एनव्हीएसएस नाव शोधा. हा अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीचा सर्व्हे आहे, १४०० मेगाहर्ट्झचा, सुमारे १८ लाख स्रोत. तो वर टाकून त्याची पारदर्शकता अर्ध्यावर आणा. त्या ओळीतल्या एका गॅलेक्सीतून वर-खाली लांबच लांब वळणावळणाच्या शेपट्या निघालेल्या दिसतील. तीच थ्री-सी ३१.

रेंज एक काडीची असली तर चित्र तुकड्या-तुकड्यात येतं, घाई करू नका, दहा सेकंद थांबा. मी सुरुवातीला अर्धवट लोड झालेल्या चौकोनालाच काहीतरी वेगळं समजून बसायचो.

मग लगेच थ्री-सी ३३ टाका. हीही मीन राशीतच आहे. थ्री-सी म्हणजे केंब्रिजची १९५९ ची तिसरी यादी आणि तिच्यात नंबर आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडं अशा क्रमानं दिलेत. इथं शेपट्या दिसणार नाहीत, दोन ठसठशीत गोळे दिसतील, आणि गॅलेक्सी त्यांच्या मधोमध, रेडिओत जवळजवळ गप्प. या दोघी एकीनंतर एक चार-पाच वेळा पाहा. यातला फरक डोळ्यात बसला की अर्धं काम झालं. १९७४ मध्ये बर्नार्ड फॅनारॉफ आणि ज्युलिया रायली यांनी नेमका हाच फरक मांडला, म्हणून पहिल्या प्रकाराला एफआर-वन आणि दुसऱ्याला एफआर-टू म्हणतात. मी पोट्ट्यांना ओलिताच्या पाइपावर दाखवतो. पाइपाचं तोंड मोकळं सोडलं तर पाणी तिथंच पसरतं, जवळ जास्त आणि पुढं पुढं कमी, ते झालं एफआर-वन. तोंडावर अंगठा दाबून धरला तर बारीक धार सुटते, मधल्या जागेत थेंब पडत नाही आणि समोरच्या धुऱ्यावर जोरात आपटून तिथं चिखल उडतो, ते झालं एफआर-टू, आणि त्या आपटण्याच्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात. खऱ्या गॅलेक्सीतली कारणं याच्यापेक्षा गुंतागुंतीची आहेत, धार किती जोरकस आणि तिच्या वाटेतला गॅस किती दाट यावर पुष्कळ काही ठरतं, पण ओळखण्यापुरतं एवढं पुरतं.

तिसरा आकार वाकलेला. पर्सियस नावाच्या गॅलेक्सींच्या समूहातली एनजीसी १२६५ पाहा, दोन्ही धारा एकाच बाजूला मागं वळलेल्या दिसतात. गॅलेक्सी समूहातल्या गरम गॅसमधून जोरात चाललेली असते आणि धारा मागं रेटल्या जातात, मोटरसायकलवर बसलेल्या बाईच्या पदरासारख्या. असे वाकलेले आकार सापडले तर सोडू नका, कारण तिथं आसपास गॅलेक्सींचा मोठा समूह असण्याची शक्यता असते. रेडिओ गॅलेक्सी झू नावाच्या प्रकल्पात दोन रशियन स्वयंसेवकांना, मातोर्नी आणि तेरेन्तेव यांना, अशीच एक वाकलेली गॅलेक्सी सापडली आणि २०१६ मध्ये तिच्या समूहाला त्या दोघांचं नाव मिळालं. दोघंही आपल्यासारखेच, घरी बसून चित्रं पाहणारे.

आता टीजीएसएस जोडा, म्हणजे खोडदचं चित्र. इथं एक माप समजून घ्या. आकाशातलं अंतर अंशात मोजतात, अंशाच्या ६० कला आणि कलेच्या ६० विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण १८०० विकला रुंद. टीजीएसएसला २५ विकलांपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही, एनव्हीएसएसला ४५ विकला. म्हणजे एनव्हीएसएसमध्ये ४५ विकलांचा गोल डाग दिसला तर तो स्रोत गोल आहे असं नाही, दुर्बिणीला त्याच्यापेक्षा बारीक पाहताच येत नाही एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीला फक्त तीन कलांपेक्षा मोठे, म्हणजे १८० विकलांच्या वरचे आकारच शोधा. बारीक पाहायचं असेल तर व्हीएलएएसएस नावाचा सर्व्हे जोडा, तो अडीच विकलांपर्यंत जातो, पण त्याच्यात पसरट फिकट लोब गायब होतात आणि नुसते हॉटस्पॉट आणि मधला ठिपका उरतो. जाड चाळणी आणि बारीक चाळणी दोन्ही लागतात, एकीवर भरवसा ठेवू नका.

आणि हो, नरतुरंगातली सेंटॉरस ए पाहायला जाल तर एनव्हीएसएस कोरं येईल. मोबाईल बिघडला नाही. एनव्हीएसएस उणे ४० अंशाच्या दक्षिणेला जातच नाही आणि ती उणे ४३ वर आहे, उणे म्हणजे आकाशाच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आमच्या शेतातून मात्र एप्रिल-मेच्या रात्री तो भाग दक्षिणेला क्षितिजाच्या २५ अंश वर येतो, धुरा ओलांडून पलीकडं पाहिलं की झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी स्वतः तीन आठवडे घालवलेत. हे पाहायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मला दोन लोब सापडले, सारखेच मोठे, सारखेच तेजस्वी, आणि बरोबर मधोमध एक लालसर गॅलेक्सी. मी हिशोब केला, लांबी निघाली चाळीस लाख प्रकाशवर्षं, रात्री झोप नाही, घरी सगळ्यांना सांगून झालं. मग बारावीतल्या पुतणीला दाखवलं. अंगणात खाटेवर बसून तिनं शांतपणे दोन्ही लोबांवर एकेक करून झूम केलं, खाली साधा फोटो लावला आणि म्हणाली, काका, या डाव्या गोळ्याच्या मधात पण एक गॅलेक्सी आहे, आणि उजव्याच्या मधात पण. व्हीएलएएसएस लावून पाहिलं तर दोन्ही गोळ्यांच्या नेमक्या मध्यावर टोकदार ठिपका. म्हणजे ते लोब नव्हतेच, दोन वेगवेगळ्या गॅलेक्सी होत्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या, आणि मधली लाल गॅलेक्सी योगायोगानं तिथं होती. तेव्हापासून आमच्या वहीत पहिला रकाना हाच आहे: लोबाच्या मध्यात स्वतःची गॅलेक्सी आहे का? असेल तर थांबा. नसेल तरच पुढं. लोब हा खरा लोब असेल तर त्याची चमक गोल नसते, बाहेरच्या कडेला एकदम तुटते आणि आतल्या बाजूला, मधल्या गॅलेक्सीकडं, हळूहळू विरते.

दुसरी फसगत म्हणजे तेजस्वी स्रोताच्या भोवती येणारे पट्टे आणि कडी. दुर्बिणीच्या छत्र्या मोजक्याच असतात, त्यामुळं चित्र तयार करताना तेजस्वी ठिपक्याचं उष्टं आजूबाजूला सांडतं. चांदणीसारखे सरळ किरण दिसले, किंवा एकाच अंतरावर पुन्हा पुन्हा डाग दिसले, तर समजायचं ते आकाशात नाही. उपाय सोपा, दुसरा सर्व्हे लावा. खरी वस्तू दोन्हीकडं दिसते, पट्टे जागा बदलतात.

यातून पास झालं की मधली गॅलेक्सी कोण ते पाहा. बहुतेक वेळा ती लंबगोल, लालसर, म्हाताऱ्या ताऱ्यांची असते. पण सर्पिल दिसली म्हणून फेकून देऊ नका. २०११ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ आनंद होता आणि सहकाऱ्यांनी स्पेका नावाची गॅलेक्सी मांडली, ती सर्पिल होती आणि तिला मोठमोठे रेडिओ लोब होते, शिवाय ब्लॅक होल एकदा पेटून विझून पुन्हा पेटल्याच्या खुणा होत्या. अशा दुर्मिळ गोष्टींसाठीच तर माणसाचा डोळा पाहिजे. गॅलेक्सीवर टॅप करून तिचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे आकाशातला तिचा पत्ता, घ्या आणि नेड नावाच्या डेटाबेसमध्ये टाका, तिथं रेडशिफ्ट मिळतो का पाहा. रेडशिफ्ट म्हणजे गॅलेक्सीचा प्रकाश किती ताणला गेला, त्यावरून अंतर निघतं.

मग लांबीचा हिशोब. रेडशिफ्ट ०.१ असला तर एक विकला म्हणजे तिथं साधारण ६ हजार प्रकाशवर्षं, ०.२ असला तर पावणेअकरा हजार, ०.५ असला तर २० हजार. समजा टोकापासून टोकापर्यंत ३०० विकला भरल्या आणि रेडशिफ्ट ०.२ आहे, तर ३२ लाख प्रकाशवर्षं. आपली आकाशगंगा एक लाखाची, आणि आपल्यापासून देवयानी गॅलेक्सी २५ लाखांवर, त्याच्याही पलीकडं हा एकच जीव पसरलेला. साधारण २३ लाखांच्या वर गेलं की तिला जायंट रेडिओ गॅलेक्सी म्हणतात. २०२२ मध्ये युरोपच्या लोफार दुर्बिणीच्या डेटात ॲलसायोनिअस सापडली, १ कोटी ६० लाखांची, आणि २०२४ मध्ये पॉर्फिरियॉन, २ कोटी ३० लाखांची. फिकट, पसरट, एकमेकांपासून लांब असलेले डाग एकत्र ओळखणं हेच त्यात अवघड असतं, म्हणून झूम आउट करून पाहायची सवय ठेवा, सगळे जण झूम इनच करतात.

ज्याला गणिताची आवड आहे त्यानं एक अजून करा, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. त्याच स्रोताचा तेजस्वीपणा टीजीएसएसमध्ये १५० मेगाहर्ट्झला किती आणि एनव्हीएसएसमध्ये १४०० ला किती ते दोन्ही याद्यांतून घ्या. समजा ५ जान्स्की आणि १ जान्स्की, जान्स्की हे रेडिओ तेजाचं माप. ५ चा लॉग ०.७०, आणि १४०० भागिले १५० याचा लॉग ०.९७, पहिल्याला दुसऱ्यानं भागलं तर ०.७२. हा नेहमीचा आकडा आहे, ०.७ ते ०.८ च्या आसपास. एकच्या वर गेला तर बहुतेक जुना, थकलेला लोब, कारण जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी विझतात आणि मोठ्या मेगाहर्ट्झची चमक आधी जाते. ब्लॅक होलनं धार बंद केली तरी लोब लगेच जात नाहीत, कोट्यवधी वर्षं विझत विझत दिसत राहतात, आणि १५० मेगाहर्ट्झवर अजून दिसणारी पण १४०० वर जवळजवळ गेलेली अशी एखादी जोडी सापडली की मी तर मचाणावर बराच वेळ नुसता पाहत बसतो.

पोट्ट्यांना नुसत्या स्क्रीनवर विश्वास बसत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्यासाठी घरची जुनी डीटीएच छत्री काढा. डीटीएच बसवणाऱ्याकडं सॅट फाइंडर नावाचं काटा असलेलं छोटं यंत्र असतं, ते छत्रीच्या एलएनबी, म्हणजे छत्रीपुढं दांड्यावर बसवलेला डबा, आणि सेट टॉप बॉक्सच्या मधात जोडा. छत्री सॅटेलाइटवरून हटवून मोकळ्या आकाशाकडं करा, काटा खाली बसेल. आता हात एलएनबीच्या तोंडापुढं धरा. काटा वर चढतो, कारण आपलं गरम अंगही रेडिओ लहरी सोडतं आणि मोकळं आकाश त्याच्यापुढं थंडगार आहे. मग छत्री हळूहळू सूर्याकडं फिरवा, पुन्हा काटा उडेल. सूर्याकडं डोळ्यानं पाहू नका आणि छत्रीला चमकीचा कागद लावू नका, एलएनबी वितळेल. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात दुपारच्या सुमारास काही मिनिटं टीव्हीचं चित्र तुटतं ना, तेव्हा सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागं आलेला असतो, ती हीच गोष्ट. एवढ्या छत्रीत दूरची गॅलेक्सी सापडणार नाही, तिच्यासाठी खोडदच पाहिजे. जमलं तर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या वेळी तिथं पोट्ट्यांना घेऊन जा, मोबाईल मात्र बंद ठेवावा लागतो.

एक गोष्ट मी प्रत्येकाला शेतातच सांगतो, ढेकूळ हातात घेऊन. ही काळी माती ज्या खडकातून झाली तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कन्या राशीतली एम ८७ ही गॅलेक्सी साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तिच्या मधात साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं ब्लॅक होल, ज्याच्या सावलीचा फोटो १० एप्रिल २०१९ ला सगळ्या जगानं पाहिला. म्हणजे ते रेडिओ किरण तिकडून निघाले तेव्हा आपल्या पायाखालचा खडक थंड होऊन साधारण एक कोटी वर्षं झाली होती. एप्रिलच्या रात्री ती जवळजवळ डोक्यावर असते, उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला. डोळ्यांना दिसत नाही, पण जागा माहीत असली की पाहायला वेगळंच वाटतं.

सापडलेलं पाठवायचं कुठं? आपल्याकडं २०१३ पासून रॅड अ‍ॅट होम हा प्रकल्प चालू आहे, त्यात घरबसल्या शिकवतात आणि जीएमआरटीच्या डेटावर काम करता येतं. झूनिव्हर्स या साईटवरही रेडिओ गॅलेक्सींचे प्रकल्प येत राहतात, इंग्रजी आहे पण चित्रावर बोट ठेवायचं काम आहे. पाठवताना कोऑर्डिनेट्स, कोणत्या सर्व्हेत दिसलं, लांबी किती विकला, मधली गॅलेक्सी कोणती आणि तुम्हाला कशाची शंका आहे, एवढं द्या. शंका लपवू नका, ते लोक शंकेवरच आधी पाहतात. आणि कोऑर्डिनेट्स हातानं उतरवू नका, कॉपी-पेस्टच करा, आमच्या वहीत एकदा उणे चिन्ह सुटलं होतं आणि आम्ही दोन रात्री आकाशाच्या भलत्याच बाजूला शोधत होतो.